मोगॅम्बोचा पुतण्या आणि भोपाळची बोली

1966 साली ‘सरहदी लुटेरा’ नावाचा एक चित्रपट आला. आज त्याचं नावही फारसं कुणाला आठवत नाही. पण त्याच्या सेटवर तीन माणसं एकत्र आली, आणि पुढची तीस वर्षं हिंदी चित्रपट एकमेकांना ज्या हाका मारत राहिले, त्यांतल्या बऱ्याच हाकांचा उगम त्या भेटीत सापडतो. पडद्यावर नाव कमावण्याची धडपड करणारे सलीम खान त्यात काम करत होते. विनोदी भूमिकेत जगदीप होते. आणि क्लॅप देणारा एक विशीतला मुलगा, संवाद लिहायला दुसरं कुणी नाही म्हणून संवादही लिहून देत होता. त्याचं नाव जावेद अख्तर.

तिघंही आजच्या मध्य प्रदेशातले. सलीम इंदूरचे, जगदीप दतियाचे. जावेद यांचा जन्म ग्वाल्हेरचा, पण बी. ए. झाले ते भोपाळच्या सैफिया कॉलेजात. फावल्या वेळात ते भोपाळच्या माणसांच्या बोलण्याची नक्कल करून दाखवत. जगदीप नंतर मुलाखतींमधून सांगत, की तो सूर कानावर पडला आणि त्यांनी चकित होऊन विचारलं, हे असं कोण बोलतं? भोपाळच्या बाया अशा बोलतात, असं जावेद यांचं उत्तर होतं. नटाचा कान तो. त्यानं तो सूर जपून ठेवला.

भोपाळची बोली ज्यानं ऐकली नाही, त्याला या सुराची गोडी शब्दांत सांगणं अवघड आहे. अठराव्या शतकात दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदारानं इथं राज्य उभं केलं. त्याच्याबरोबर पठाण आले, पश्तो आली. आसपासच्या गावांत माळवी आणि बुंदेली होती, दरबारात फारसी आणि मग उर्दू. 1819 ते 1926 या काळात चार बेगमांनी मिळून राज्य चालवलं, आणि त्या शंभर वर्षांत चौक, मशिदी, बाजार यांच्याबरोबर शहराची जीभही घडली. इथं ‘जा रहा हूँ’चं ‘जा रिया हूँ’ होतं, ‘कहाँ’चं ‘कां’ होतं आणि ओळखीच्या माणसाला ‘को खां!’ अशी हाक जाते. जुन्या शहरात घरांपुढे आणि दुकानांपुढे दगडी फरशा असत. त्यांना पटिये म्हणत. रात्री दुकानं बंद झाली की माणसं पटियांवर येऊन बसत आणि गप्पांचा फड उत्तररात्रीपर्यंत चाले. पटियेबाजी हा शब्दच त्यातून आला. तिथं बढाई मारणं हा दोष नव्हता, तो एक खेळ होता. सांगणाऱ्याला माहीत असे की तो फुगवून सांगतोय, ऐकणाऱ्यालाही माहीत असे, आणि दोघंही तो फुगा जपून हाताळत.

1 जून 1949 रोजी भोपाळ संस्थान भारत सरकारच्या ताब्यात आलं आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं. राजधानी नागपूरहून हलली तशी सरकारी नोकरीतली कितीतरी मराठी कुटुंबं बाडबिस्तरा बांधून भोपाळला आली. नव्या वसाहतीला तात्या टोपे यांचं नाव मिळालं. वऱ्हाडी-नागपुरी ऐकत वाढलेल्या त्या कुटुंबांच्या कानांवर जुन्या शहरात गेलं की ‘को खां’ पडू लागलं. जावेद अख्तर याच काळातल्या भोपाळमध्ये शिकत होते. त्यांचे वडील, कवी जाँ निसार अख्तर, आणि आई सफिया दोघांनी पूर्वी इथल्या हमिदिया कॉलेजात शिकवलं होतं. आई लवकर गेली. मुलगा लखनौ, अलिगड असा फिरत पुन्हा भोपाळला आला, मित्रांच्या आधारानं राहिला, वादविवाद स्पर्धांत नाव काढलं आणि ऑक्टोबर 1964 मध्ये मुंबईला निघून गेला. त्यानं बरोबर काय नेलं असेल तर ती पटियांवरची भाषा.

सलीम आणि जावेद जोडीनं लिहू लागले. ‘हाथी मेरे साथी’, ‘सीता और गीता’, ‘जंजीर’, ‘दीवार’ असा चढता क्रम लागला. 15 ऑगस्ट 1975 रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. त्याचं चित्रीकरण बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत झालं. तिथं रामगढ हे आख्खं गाव उभं केलं ते राम येडेकर या मराठी कलादिग्दर्शकानं. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाला तेव्हा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो एकच, संकलनाचा, आणि तो एम. एस. शिंदे यांना.

‘शोले’मधली माणसं आली कुठून, हे पाहिलं की दोघा लेखकांची रीत कळते. जय आणि वीरू ही सलीम यांच्या इंदूरच्या कॉलेजातल्या दोन मित्रांची नावं. ठाकूर बलदेव सिंग हे त्यांच्या सासऱ्यांच्या नावावरून घेतलं. गब्बर सिंग नावाचा दरोडेखोर 1950च्या दशकात ग्वाल्हेर-भिंड भागात खरोखर होऊन गेला. माणसांची नाकं-कान कापण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता, आणि मध्य प्रदेश पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख, नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी यांच्या रोजनिश्यांत त्याची हकिकत आहे. परदेशी काऊबॉय चित्रपटांचा सांगाडा घ्यायचा आणि त्यात आपल्या मुलखातली, ओळखीची माणसं भरायची, असं ते काम होतं. मग भोपाळ मागे कसं राहील?

जगदीप यांनी रंगवलेल्या सूरमा भोपालीचा प्रसंग मूळ कथेला धरून नाही. तो काढला तरी ठाकूर आणि गब्बर यांचं वैर तसूभर हलत नाही. पण तो प्रसंग नीट पाहावा. लाकडाच्या वखारीचा मालक. जय-वीरूच त्याला सुचवतात, की आम्हाला पकडून दे, दोन हजारांचं बक्षीस घे आणि आम्ही सुटून आलो की वाटून घेऊ. दोघं तुरुंगात जातात. इकडे सूरमा वखारीत चार लोक जमवून त्या अटकेची गोष्ट सांगायला बसतो, आणि सांगता सांगता ती वाढत जाते. त्यानं कशी झडप घातली, ते दोघे कसे गयावया करत होते. ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलतात आणि त्याच्या लक्षात येत नाही, की जय आणि वीरू मागे येऊन उभे आहेत. जगदीप यांचा आवाज त्या क्षणी ज्या तऱ्हेनं वरच्या पट्टीतून घसरतो आणि तरीही बढाईचं शेपूट सोडत नाही, ती सगळी पटियेबाजी आहे. भोपाळच्या माणसाला ती पाहताना आपल्या गल्लीतला कुणी ना कुणी आठवला असणार.

एकाला तर स्वतःचीच आठवण झाली. जगदीप हा किस्सा पुढे अनेकदा सांगत. भोपाळचा, वनखात्यात नोकरी करणारा एक गृहस्थ मुंबईत त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. मित्रमंडळींत त्याला सूरमा म्हणत आणि जावेद त्याला ओळखत होते. तक्रार अशी, की मी वनअधिकारी, आणि तुम्ही मला लाकूडविक्या करून टाकलंत, आता पोरंसोरं मागे लागतात! कज्जा कोर्टापर्यंत जाण्याची भाषा झाली आणि मग समजूत पटली. काल्पनिक पात्राच्या मागे उभा असलेला खरा माणूस असा येऊन जाब विचारतो, याचं मोल मोठं आहे. त्या बोलीला खरं गाव आणि खरा पत्ता होता, हे त्यानं सिद्ध केलं.

‘शोले’मधली पात्रं पुढे चित्रपटाबाहेरही वावरू लागली, त्याचं एक कारण तंत्रात आहे. पॉलिडोर कंपनीनं ‘शोले’च्या संवादांच्या तबकड्या काढल्या. गाण्यांच्या नव्हे, संवादांच्या. चहाच्या टपरीवर, गणपतीच्या मंडपात, लग्नाच्या मांडवात त्या वाजत. लोकांना पटकथा पाठ झाली. अमजद खान गब्बरच्याच वेशात बिस्किटांच्या जाहिरातीत आला आणि कुणालाही त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. एखादं पात्र आपल्या चित्रपटातून बाहेर पडून दुसरीकडे जाऊ शकतं, ते प्रेक्षकाला तोंडपाठ झाल्यावरच. तबकडीनं ते 1975 नंतर केलं, व्हिडिओ कॅसेटनं 1980च्या दशकात, आणि केबलनं त्यानंतर.

मधल्या काळात भोपाळ या नावावर काळी सावली पडली. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेतली हजारो माणसं गेली. ज्या वस्त्या सर्वांत आधी सापडल्या, त्यांत जुन्या शहराच्या उत्तरेकडचे गरीब मोहल्ले होते. त्या रात्रीनंतर जगभर भोपाळ हा शब्द एका दुर्घटनेचं नाव झाला. अशा वेळी, 1988 मध्ये, जगदीप यांनी स्वतः दिग्दर्शन करून ‘सूरमा भोपाली’ हा चित्रपट काढला. अमिताभ बच्चन, धर्मेंद्र आणि रेखा पाहुणे म्हणून आले. चित्रपट म्हणून तो ढिसाळ आहे, हे मान्य करावं लागतं. पंधरा मिनिटांत फुलणारं पात्र अडीच तास ताणलं की विरतंच. पण ज्या शहराचं नाव उच्चारताच लोक गप्प होत, ते नाव हसऱ्या माणसाच्या आडनावात पुन्हा पोस्टरवर आलं, ही गोष्ट छोटी म्हणता येत नाही.

त्याच्या एक वर्ष आधी दुसरा धागा पडद्यावर आला होता. सलीम-जावेद 1980च्या दशकाच्या आरंभी वेगळे झाले होते, पण त्यांनी मिळून लिहिलेली एक पटकथा शिल्लक होती. शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला ‘मिस्टर इंडिया’ 25 मे 1987 रोजी आला. विज्ञानकथा हिंदीत तोवर अभावानंच रुजलेली. इथं वैज्ञानिक बापानं बनवून ठेवलेलं, मनगटावर घड्याळासारखं बांधायचं यंत्र आहे. ते चालू केलं की माणूस अदृश्य होतो आणि लाल प्रकाशात मात्र दिसतो. संगणकाची मदत नसताना पीटर परेरा यांनी कॅमेऱ्यातच युक्त्या करून हवेत तरंगणाऱ्या वस्तू दाखवल्या. लाल प्रकाशाची अट ही त्या पटकथेतली खरी हुशारी आहे. एवढ्या एका नियमानं अदृश्य माणसालाही भीती चिकटते आणि प्रेक्षक पडद्यावरचा प्रत्येक लाल दिवा धास्तीनं पाहू लागतो.

खलनायक मोगॅम्बो. बेटावर राहणारा, क्षेपणास्त्रांनी देश उडवू पाहणारा, आणि खूश झाला की ते स्वतःच जाहीर करणारा. अमरीश पुरी यांच्या अंगावरचा तो सोनेरी जरीचा पोशाख शिवला नागपूरकडून मुंबईत गेलेल्या माधव अगस्ती यांनी. पोशाख, आवाज आणि नाव या तिन्हींमुळे मोगॅम्बो मुलांच्या खेळात शिरला. गब्बरनंतर एवढा तोंडी बसलेला खलनायक दुसरा नाही, आणि दोघंही एकाच जोडीच्या लेखणीतून उतरलेले.

इथपर्यंत सूरमा आणि मोगॅम्बो वेगवेगळ्या जगांत होते. एक वखारीत, एक बेटावर. त्यांना एका छपराखाली आणलं ते 4 नोव्हेंबर 1994 रोजी लागलेल्या ‘अंदाज अपना अपना’नं.

राजकुमार संतोषी तोवर ‘घायल’ आणि ‘दामिनी’साठी ओळखले जात. दिलीप शुक्ला यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या या विनोदी चित्रपटात आमिर खान आहे अमर, न्हाव्याचा मुलगा. सलमान खान आहे प्रेम, शिंप्याचा मुलगा. शिंप्याचं नाव बांकेलाल भोपाली, आणि भूमिकेत जगदीप! म्हणजे सलीम खान यांचा इंदूरला जन्मलेला मुलगा पडद्यावर ‘प्रेम भोपाली’ झाला आणि त्याचा बाप कोण, तर ज्याला सलीम-जावेदनी भोपाळी करून टाकलं तो नट. 1966 च्या त्या सेटवरचा सूर दुसऱ्या पिढीपर्यंत आला.

एवढ्यावर संतोषी थांबत नाहीत. खलनायकाचं नाव तेजा. ते सलीम-जावेदच्याच ‘जंजीर’मधल्या खलनायकाचं नाव, जो अजित यांनी रंगवला होता. नव्या तेजाच्या हाताखाली भल्ला नावाचा गुंड आहे आणि तो अजित यांच्या घोगऱ्या, लांबवलेल्या ढंगात बोलतो. बोलणारा शहजाद खान, अजित यांचा खराखुरा मुलगा. दुसरा साथीदार रॉबर्ट. ते काम विजू खोटे यांचं, म्हणजे ‘शोले’मधल्या कालियाचं. दुर्गाबाई खोटे यांच्या घराण्यातला हा मराठी नट. गब्बरपुढे मान खाली घालून उभा राहिलेला माणूस एकोणीस वर्षांनी पुन्हा एका सरदारापुढे तसाच मान खाली घालून चुकीची कबुली देतो, आणि ज्यांना आधीचं दृश्य आठवतं, त्यांना दोन्ही एकदम दिसतात. मेहमूद येतात ते 1966 च्या ‘प्यार किये जा’मधली आपली चित्रपटसंस्था, वाह वाह प्रॉडक्शन्स, घेऊन.

आणि मग क्राइम मास्टर गोगो. शक्ती कपूर यांनी साकारलेला हा गुंड काळा अंगरखा उडवत येतो आणि आपली ओळख देताना सांगतो, की तो मोगॅम्बोचा पुतण्या आहे. विज्ञानकथेतला खलनायक विनोदी चित्रपटातल्या खलनायकाचा काका ठरला! मोगॅम्बो तर ‘मिस्टर इंडिया’च्या शेवटी संपला होता. पण नातं सांगितल्याबरोबर त्याचं बेट, त्याचं सिंहासन, त्याचा दरारा सगळं गोगोच्या मागे उभं राहतं. काकाला अख्खा देश बेचिराख करायचा होता, पुतण्या मात्र हिऱ्यांच्या पिशवीमागे धावतो. हसू येतं ते या दोन मापांतल्या अंतरामुळे, आणि ते अंतर ज्यानं ‘मिस्टर इंडिया’ पाहिला आहे त्यालाच कळतं.

एका कथेतलं पात्र दुसरीत आणण्याची हीच कला अमेरिकेत याच सुमारास दुसऱ्या वाटेनं वाढत होती. डिसेंबर 1989 मध्ये सुरू झालेल्या ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेनं जानेवारी 1997 मध्ये ‘द एक्स-फाइल्स’ या विज्ञानकथा मालिकेतले दोन्ही तपास अधिकारी आपल्या गावात आणले, मूळ नटांच्या आवाजांसह. ‘द सिम्पसन्स’चा जनक मॅट ग्रोनिंग यानं 1999 मध्ये ‘फ्युचरामा’ ही विज्ञानकथेवरची विनोदी मालिका काढली. दोन्हींमधली पात्रं एकमेकांकडे डोकावत राहिली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये दोन्ही घरं एका भागात रीतसर एकत्र आली. तिथं परवानगी होती, एक वाहिनी होती, मालक जवळजवळ एकच होते. मुंबईत यातलं काही नव्हतं. निर्माते वेगळे, मालक वेगळे. जोडणारा दुवा होता माणसांचा. बाप-लेक, जुने सहकारी, एका सेटवरच्या ओळखी. आपल्याकडच्या या हाकांना घरगुती ऊब आहे ती त्यामुळे.

1994 मध्ये मात्र प्रेक्षकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली. त्याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. निर्मिती रखडली होती. ऑगस्टपासून ‘हम आपके हैं कौन’नं थिएटरं व्यापली होती आणि कुटुंबं तिथं जाऊन रडून-हसून तृप्त होत होती. शिवाय हा विनोद पहिल्या खेपेला अर्धाच हाती लागतो. भल्ला कुणाच्या आवाजात बोलतो, रॉबर्ट पूर्वी कोण होता, हे मित्रानं शेजारी बसून दाखवल्यावर कळतं. ती सोय केबलनं केली. दुपारी, रात्री, परीक्षेच्या आदल्या दिवशी लागणारा हा चित्रपट मुलांनी तुकड्यातुकड्यांनी पाहिला, पाठ केला, आणि मग उलट्या दिशेनं प्रवास सुरू झाला. कितीतरी मुलांनी गोगो आधी पाहिला आणि मग त्याचा काका कोण म्हणून ‘मिस्टर इंडिया’ शोधला.

जगदीप यांच्या घरात या कलेला आणखी एक फांदी फुटली. मुलगा जावेद जाफरी यानं मिकी माऊस आणि गुफी यांना हिंदी आवाज दिला, आणि पोगो वाहिनीवर ‘ताकेशीज कॅसल’ या जपानी खेळाचं असं धावतं वर्णन केलं, की मुलं खेळापेक्षा वर्णनासाठी बसत. धडपडणाऱ्या जपानी स्पर्धकांना तो मनाला येईल ती देशी नावं नि नाती बहाल करी. बढाई, थाप आणि नक्कल यांचं ते मिश्रण ऐकताना त्याचे वडील आठवल्याशिवाय राहत नाहीत. 8 जुलै 2020 रोजी जगदीप गेले, तेव्हा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत सूरमा भोपाली आधी होता, सैयद इश्तियाक अहमद जाफरी हे खरं नाव खाली, मजकुरात.

दरम्यान या हाकांची किंमत कायद्यालाही ठरवावी लागली. राम गोपाल वर्मा यांनी 2007 मध्ये ‘शोले’ नव्यानं काढला, आणि 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पात्रं आणि कथा उचलल्याबद्दल दहा लाखांचा भुर्दंड बसवला. 25 एप्रिल 2025 रोजी ‘अंदाज अपना अपना’ पुन्हा थिएटरांत लागला. त्यानंतर काही दिवसांतच त्याच न्यायालयानं त्याच्या निर्मितीसंस्थेच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला आणि चित्रपटाचं नाव, पात्रं, संवाद परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. क्राइम मास्टर गोगोलाही आता कायद्याचं संरक्षण आहे. निर्मात्याचा हक्क खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आजचा एखादा तरुण लेखक आपल्या चित्रपटात गोगोचा भाचा आणू पाहील, तर त्याला आधी वकील गाठावा लागेल. संतोषींना 1994 मध्ये मोकळेपणानं जे करता आलं, ते तसं पुन्हा होणं कठीण झालं आहे, आणि त्याची हळहळ वाटते.

‘शोले’ला पन्नास वर्षं होत असताना, 27 जून 2025 रोजी, त्याची दुरुस्त केलेली, न कापलेली प्रत इटलीत बोलोन्या शहराच्या मुख्य चौकात उघड्यावर दाखवली गेली. मूळ शेवट त्यात परत आला होता. पियाझा माज्जोरे हा दगडी चौक, भोवती जुने वाडे, समोर भलामोठा पडदा, आणि त्यावर लाकडाच्या वखारीत बसून आपल्या शौर्याची गोष्ट रंगवणारा सूरमा. त्याचं म्हणणं पडद्याखालच्या ओळींत परक्या भाषेत उमटत होतं. ‘रिया’ म्हणतानाचा त्याचा हेल मात्र त्या ओळींत मावणारा नव्हता. तो फक्त आवाजातून पोहोचत होता, साठ वर्षांपूर्वी सैफिया कॉलेजातला एक मुलगा भोपाळहून मुंबईला घेऊन गेला होता तसाच.